सुटलेली गाठ

परवा घरणी धरणावर नातवाबरोबर गळ टाकला. ओढ बसली, अन् तंगूस रिकामाच वर आला. गाठ मी बांधलेली! सुतळीला धरणारी निरगाठ गुळगुळीत तंगुसात सरकते, हे सत्तरी उलटल्यावर कळलं.

मग नातू मास्तर झाला. तंगूस दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून काढायचा, सैल गाठ मारायची, उरलेल्या फासातून अख्खा गळ ओवायचा. थुंकीनं ओलं करूनच आवळायचं. कोरडं आवळलं तर घर्षणानं तंगूस कमजोर होतो. खालचं टोक लांब सोडून त्याला शिसं. गळ वीतभर वर, म्हणजे गांडूळ गाळात रुतत नाही.

माझी बोटं थरथरत होती. "आबा, पुन्हा," तो म्हणाला. वर्गात मी इतका धीर कधी धरला होता?

चौथ्यांदा जमली. त्यानं ओढून पाहिली, मगच गळ पाण्यात टाकू दिला.