जावळ काढल्यावर

लेकीचं जावळ कराडला काढलं. पाचवा महिना चालू होता. मामाच्या मांडीवर ती बसली होती, समोर आई खुळखुळा वाजवत होती आणि न्हावीकाका हलक्या हातानं वस्तरा फिरवत होते. केस गेले तसं डोकं दिसू लागलं. मागे उजवीकडे, तळहातानं दाबून बसवावा तसा भाग सपाट होता. न्हावीकाकांनाही ते दिसलं असणार. ते क्षणभर थांबले, पण काही बोलले नाहीत. बोलली ती मावशी. "अगं, एकाच अंगावर निजवलंस का काय हिला?"

एका अंगावर नाही, पाठीवर निजवलं होतं. बेंगळुरूच्या आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: पालथं नाही, कुशीवर नाही आणि उशी अजिबात नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 1992 मध्ये बाळांना पालथं न निजवण्याचा सल्ला दिला आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिथे झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्याच काळात मागून चपट्या डोक्याची बाळंही तिथल्या डॉक्टरांकडे जास्त येऊ लागली. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला फक्त आईचं आपण ऐकलं नाही एवढंच आठवलं.

आई बाळंतपणासाठी बेंगळुरूला आली ती डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि मोहरीची उशी घेऊन. जुन्या मऊ सुती साडीची खोळ, आत मोहरी. मालीश करायला येणाऱ्या अज्जींनी ती हातात घेतली आणि "सासिवे दिंबु!" म्हणत मान डोलावली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण या मुद्द्यावर माझ्याविरुद्ध त्यांची एकी झाली. मी उशी कपाटात टाकली. निदान दुपट्याची चुंबळ करून डोक्याखाली ठेव, असं आई म्हणाली. तीही काढली. अज्जी टाळू भरून झाल्यावर दोन्ही तळव्यांनी डोकं चहूबाजूंनी दाबायच्या, मडक्याला आकार द्यावा तशा. तेही मीच बंद करायला लावलं. "तुम्ही भावंडं याच उशीवर वाढलात," एवढंच बोलून आई गप्प झाली होती. कराडला जावळानंतर ती एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बेंगळुरूला परतल्यावर डॉक्टरांनी आधी कवटीच्या सांध्यांवरून बोटं फिरवली. सांधा वेळेआधी जुळला असेल तर ते दुखणं वेगळं, त्याला शस्त्रक्रिया लागू शकते. तसं नव्हतं. वरून पाहिलं तर चपट्या बाजूचा कान पुढे सरकला होता आणि त्याच बाजूचं कपाळही थोडं पुढे आलं होतं. म्हणजे हे सततच्या दाबामुळे झालेलं. मग त्यांनी तिचं तोंड डावीकडे वळवून पाहिलं. ती अर्ध्यावर अडली आणि रडायला लागली. मानेचा डावा स्नायू आखडला होता, त्यामुळे ती कायम उजवीकडेच बघायची. आमच्या खोलीतली खिडकी उजवीकडे. मी झोपायचे तीही उजवीकडेच.

हेल्मेट बनवणाऱ्या ठिकाणीही आम्ही गेलो. तिथे डोक्याचे दोन तिरके कर्ण मोजले. फरक 13 मिलिमीटर. सव्वादोन लाख रुपये, चार महिने, दिवसाचे 23 तास. माप घेणारी मुलगी चांगली होती, पण दर दोन वाक्यांनी "आता उशीर नको" म्हणायची. ते खोटंही नव्हतं. डोकं पहिल्या वर्षात झपाट्यानं वाढतं, आकार बदलायचा तर तेव्हाच.

त्या रात्री आम्ही दोघं भांडलो. दोघांच्याही हातात कागद होते. नवऱ्याकडे अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना होत्या: इतर उपाय करूनही मध्यम ते तीव्र चपटेपणा राहिला तर हेल्मेट द्यावं. माझ्याकडे 2014 चा नेदरलँड्समधला अभ्यास होता. 84 बाळं, निम्म्यांना सहा महिने हेल्मेट, निम्म्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर पूर्ण बरी झालेली पहिल्या गटात 26 टक्के, दुसऱ्यात 23 टक्के. शिवाय हेल्मेट घातलेल्या प्रत्येक बाळाला घाम, लाली, वास असा काही ना काही त्रास झालेला. मी जिंकल्यासारखी ते वाचून दाखवलं. त्यानं लॅपटॉप ओढून घेतला आणि पुढचा परिच्छेद दाखवला: मान आखडलेली बाळं त्या अभ्यासात घेतलेलीच नव्हती.

"पैशांसाठी नको म्हणत नाहीयेस ना?" त्यानं विचारलं.

पैशांसाठी नव्हतं. खरं कारण मी त्याला दोन दिवसांनी सांगितलं. हेल्मेट घातलेलं बाळ लिफ्टमध्ये घेऊन उभं राहायचं आणि रोज कुणी तरी "काय झालं हिला?" विचारणार, हे मला नको होतं. मी चुकले ते तिच्या डोक्यावर बांधून फिरवल्यासारखं वाटत होतं. आणि त्याला भीती होती ती वेगळीच. उद्या ती मोठी होऊन विचारेल, करता येत होतं तर का नाही केलंत? आईनं फोनवर तोडगा काढला होता: "मुलगी आहे, वेणीत झाकून जाईल." मला धीरही आला आणि रागही.

शेवटी डॉक्टरांनी मुदत घालून दिली. सहा आठवडे फिजिओथेरपी, मग पुन्हा माप. फरक कमी झाला नाही तर हेल्मेट, आणि मग मी एक शब्द बोलायचा नाही. आम्ही पाळणा फिरवला. खुळखुळे, आवाज, माणसं, सगळं तिच्या डावीकडे आणलं. लंगोट बदलताना दर वेळी मानेचा ताण. पहिले आठ दिवस ती रडायची आणि मीही. जागी असताना पालथं घालायचं होतं, पण ती नाक जमिनीला टेकवून ओरडायची. छातीखाली काही तरी द्या, असं फिजिओ म्हणाली. टॉवेलची वळकटी घसरायची. मग मी कपाटातून मोहरीची उशी काढली. तिच्यावर छाती टेकून लेक मान वर करून डावीकडे बघायला लागली. आईला व्हिडिओ पाठवला. "उशी डोक्याखाली घेतात," असं तिचं उत्तर आलं.

सहा आठवड्यांनी फरक 9 मिलिमीटर होता. हेल्मेट घेतलं नाही. व्यायामानं कमी झालं, की ती बसायला लागली आणि डोकं गादीवरून उठलं म्हणून, ते डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येईना. नवऱ्यानं हो म्हटलं, पण त्या कोटेशनचा ईमेल त्यानं अजून काढून टाकलेला नाही, हे मला माहीत आहे.

आता ती तीन वर्षांची आहे. केस दाट आहेत, पाहणाऱ्याला काही कळत नाही. न्हाऊ घालताना माझ्या बोटांना मात्र ती जागा बरोबर सापडते. परवा कराडच्या आठवडी बाजारात मामानं तिला गुलाबी गॉगल घेऊन दिला. उजवा कान थोडा पुढे असल्यानं तो तिच्या नाकावर तिरका बसतो. मामानं काडी वाकवून बघितली, दुकानदारानं दुसरा देऊन बघितला. तिला तोच हवा होता. तिरका गॉगल लावून ती पुढे पळाली आणि नवरा तिच्या मागे गेला. मी दुकानदाराला पैसे दिले.