चिलखताची पिशवी

घरातील कोणती वस्तू कोठे ठेवावी, यावरून एकत्र कुटुंबात मतभेद होणे ही नवलाची गोष्ट नव्हे. लोणच्याच्या बरण्या, पोथ्यांची पेटी, पाहुण्यांच्या गाद्या, मुलांची दप्तरे या सर्वांवरून आमच्या घरी आजवर यथेच्छ वाद झाले आहेत. परंतु चिलखत कोठे ठेवावे, हा प्रश्न आमच्या घरात कधी उपस्थित होईल असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. तो झाला, आणि त्यापायी उतारवयात आम्हांस चार नव्या गोष्टी शिकाव्या लागल्या. त्या वाचकांपुढे ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या वडील बंधूंची धाकटी कन्या वृत्तछायाचित्रकार आहे. एका परदेशी वृत्तसंस्थेचे काम ती करते, आणि जेथून शहाणी माणसे पळ काढतात तेथे जाणे हा तिच्या व्यवसायाचाच भाग होय. २०२२ सालच्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली. त्यानंतर काही महिन्यांनी ती पोलंडमार्गे आगगाडीने तिकडे गेली आणि ईश्वरकृपेने सुखरूप परत आली. येताना तिच्या सामानात निळ्या रंगाचे, पुढे-मागे पांढऱ्या ठळक अक्षरांत ‘प्रेस’ असे लिहिलेले, बिनबाह्यांच्या बंडीसारखे एक अवजड वस्त्र होते. पुढील कामगिरी निघेल तेव्हा हाताशी असावे म्हणून संस्थेने ते तिच्याजवळच ठेवले होते. घरातील मुलांनी ते उचलून पाहिले. दहा किलोंच्या वर भरले.

वहिनींनी मात्र त्याकडे डोळा वर करूनही पाहिले नाही. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दक येथे दानिश सिद्दीकी हा रॉयटर्सचा भारतीय छायाचित्रकार मारला गेला, ती बातमी त्यांनी वाचली होती. त्या दिवसापासून लेकीच्या कामाविषयी घरात बोलणे निघाले, की त्या उठून स्वयंपाकघरात जात. त्यांच्या मनाची अवस्था जाणून कोणीतरी ते चिलखत माजघराच्या दारामागील खुंटीस अडकविले आणि वर एक जुनी चादर टाकली. अप्रिय वस्तू झाकली म्हणजे नाहीशी झाली, अशी समजूत करून घेणारे आम्ही एकटेच नसू.

पुढे वैशाख आला. गाद्या, रजया, लोकरीचे कपडे गच्चीवर ऊन दाखविण्यास निघाले. आमच्या सौभाग्यवतींनी सद्‌हेतूने ते चिलखतही गच्चीवर नेऊन पसरले आणि खिशांत डांबराच्या चार गोळ्या घातल्या. दोन प्रहरी पुतणी घरी आली, वर गेली आणि चिलखत दोन्ही हातांवर घेऊन खाली आली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, “काका, याला उन्हाचे वावडे आहे. आणि खुंटीचेही.”

आम्ही जन्मभर संस्कृत शिकविले. वर्म, कवच, तनुत्राण हे शब्द मुलांकडून घोकून घेतले; कर्णाचे कवच जन्मतःच अंगाला जडलेले असल्याने त्यास ते ठेवण्याची विवंचना नव्हती, असा विनोदही वर्गात केला. परंतु आजचे कवच कशाचे असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. पुतणीने ते जमिनीवर उलगडून दाखविले. बाहेरचे निळे कापड केवळ खोळ. तिच्या आत दोन थर. पहिला मऊ पट : एका विशिष्ट धाग्याच्या विणीचे अनेक पदर एकावर एक रचून केलेला. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनज्ञ बाईंनी १९६५ साली ज्या शोधाचा पाया घातला, तो केव्हलार नावाचा धागा या जातीतला. वजनास वजन धरले तर तो पोलादाच्या पाचपट बळकट मानतात. दुसरा थर म्हणजे पुढे एक व मागे एक अशी कठीण पाटी. रायफलीच्या गोळीपुढे मऊ पटाचे चालत नाही, म्हणून ही पाटी. ती पुष्कळदा चिनीमातीच्या जातीच्या, परंतु अत्यंत कठीण अशा द्रव्याची असते.

आता यांचे शत्रू पाहा. जुन्या कड्यांच्या चिलखतास गंज हा एकच मोठा वैरी होता. या नव्या धाग्यास सूर्यप्रकाश क्षीण करतो, ओल बाधते. पट जलरोधक अस्तरात शिवून बंद केलेला असतो तो याचसाठी. ते अस्तर कोठे उसवले वा फाटले तर आतील धागा उघडा पडला असे समजावे. काही चिलखतांत पॉलिथिलिनच्या जातीचा धागा असतो, त्यास उष्णता सोसत नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती ठेवू नयेत. पट घडी घालून ठेवला तर घडीच्या जागी दुबळा होतो. खांद्याच्या पट्ट्यांवर टांगला तर ओघळतो व गोळा होतो. पाटीची गोष्ट निराळी. ती गोळी अडवील, पण हातून फरशीवर पडली तर तडकेल. आणि तो तडा खोळीच्या आत असल्यामुळे डोळ्यांस दिसणार नाही.

“एवढ्यातेवढ्याने खरेच बिघडते का?” असे आम्ही विचारले. तेव्हा तिने झायलॉन नावाच्या धाग्याची हकीकत सांगितली. हा धागा केव्हलारहूनही बळकट म्हणून अमेरिकेतील पोलिसांच्या चिलखतांत वापरीत. २००३ साली पेन्सिल्वेनियातील एका पोलीस अधिकाऱ्याच्या तशा चिलखतातून गोळी आरपार गेली. चौकशी झाली. उष्णता व दमटपणा यांनी तो धागा वापरता वापरता हीनबल होतो असे आढळले, आणि २००५ साली तेथील सरकारी संस्थेने त्या धाग्याच्या चिलखतांची मान्यता काढून घेतली. बाहेरून ती नव्यासारखीच दिसत होती. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी डांबराच्या गोळ्या मुकाट्याने काढून घेतल्या.

तेव्हा एक चांगली पिशवी हवी, असे ठरले. प्रथम आम्ही बाजारात पाहिले. खेळाडूंच्या लांबट गोल पिशव्या पुष्कळ मिळतात, परंतु त्यांत चिलखत दुमडल्यावाचून जात नाही. चाकांची कठीण बॅग पाहिली. तीत दोन्ही पाट्या एकमेकींवर आपटणार. अखेरीस रविवार पेठेत तबल्याच्या खोळी व कॅमेऱ्यांच्या पिशव्या शिवणाऱ्या एका गृहस्थाकडे गेलो. तो आमचा जुना विद्यार्थी निघाला. शब्दरूपांत त्यास आम्ही दोनदा नापास केले होते, हे त्यानेच आनंदाने सांगितले.

आमचा आग्रह जाड सुती कॅनव्हासचा होता. तो नम्रपणे म्हणाला, “सर, कॅनव्हास पाणी पितो, भिजला की जड होतो आणि पावसाळ्यात बुरशी धरतो. ओलीला जपायचे तर नायलॉनचे जाड कापड घ्या.” आम्ही नापास झालो, हे कबूल केले पाहिजे.

पिशवी अशी झाली : चिलखत पूर्ण पसरून मावेल एवढी लांब-रुंद, खोली बेताची, तळाशी वाकणार नाही असा ताठ पुठ्ठा. पाट्यांसाठी फोमचे अस्तर लावलेले दोन वेगळे कप्पे, मध्ये जाड पडदा. दोन्ही बाजूंस वारा खेळण्यापुरती जाळी. चेन तीन बाजूंनी फिरणारी, म्हणजे पिशवी पुस्तकासारखी उघडते. पाट्या विमानात मोठ्या सामानात देणे बरे. तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यास उचकापाचक न करता सर्व काही एका दृष्टीत दिसते. पुष्कळ विमानकंपन्यांची मर्यादा एका नगास २३ किलोंची, म्हणून पिशवीचे स्वतःचे वजन कमीत कमी. पट्टे केवळ वरच्या काठास न शिवता तळाखालून फिरवून घेतले, कारण भार कापडाने नव्हे, पट्ट्याने वाहावयाचा असतो. रंग साधा करडा. बाहेर एकही अक्षर नाही. आत काय आहे हे वाटेवरच्या प्रत्येकास कळण्याचे कारण नाही.

राखण्याचे नियमही पुतणीने लिहून दिले. घामाने ओले झालेले चिलखत तसेच पिशवीत कोंडू नये. आधी सावलीत वाळवावे. खोळ धुवावयाची झाल्यास पट व पाट्या बाहेर काढाव्यात. पट पाण्यात बुडवू नये, ओलसर फडक्याने पुसावा. पाटीची पुढची बाजू कोणती, हे ठेवताना पाहावे. पुष्कळ कारखानदार मऊ पटाची हमी पाच वर्षांचीच देतात, तेव्हा ती तारीख ध्यानात असावी.

पिशवी घरी आली त्या रात्री आम्ही व पुतणी तीत चिलखत ठेवू लागलो. वहिनी दारात उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “भावजी, ती तारीख कोठली?” पुतणीने पटावरची चिठ्ठी दाखविली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, आत गेल्या आणि हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून आल्या. मग स्वतः खाली बसून पट सपाट केला, त्याचे कोपरे हाताने सारखे केले आणि चेन ओढली. लेकीच्या कामाविषयी त्या तेव्हाही एक अक्षर बोलल्या नाहीत.

लोखंडी कपाटाची खालून दुसरी फळी आता त्या पिशवीची आहे. जिन्याखाली ओल, गच्चीच्या खोलीत उकाडा, म्हणून ती जागा वहिनींनीच निवडली. दर महिन्यास त्या चिलखत बाहेर काढून सावलीत तासभर ठेवतात आणि अस्तर कोठे उसवले नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहतात.

सध्या पुतणी कामगिरीवर आहे आणि ती फळी रिकामी आहे. परवा आमच्या सौभाग्यवती तेथे पाहुण्यांच्या चादरी ठेवू लागल्या. वहिनींनी त्या उचलून खालच्या फळीवर ठेवल्या आणि काही न बोलता कपाट लावून घेतले.