पाइप कुठे थांबला

कोलंबस, ओहायो

ती. अण्णाकाकांस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथे चोवीस तास नळाला पाणी, मग लोक भांडतात कशासाठी?" काकूला बोलायची घाई होती म्हणून तेव्हा विषय सोडला. तुमची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, तेव्हा उत्तरही पाइपांतूनच देते.

आमच्या पूर्वेला, गाडीने तासाभरावर झेन्सव्हिल आहे. मस्किंगम नदीकाठचं गाव, 1810 ते 1812 ही दोन वर्षं ओहायोची राजधानी. आता विचाराल तर लोक तिथला तीन फाट्यांचा पूल तेवढा सांगतात. गावाच्या हद्दीबाहेर लगेच कोल रन नावाची वस्ती लागते. बहुतेक घरं कृष्णवर्णीयांची. नावातच कोळसा आहे. जुन्या खाणींमुळे तिथल्या विहिरींचं पाणी गंधकाचं, पिण्याच्या लायकीचं नाही. शेजारच्या गोऱ्या घरांत नळ होते, या घरांत नव्हते. पन्नासेक वर्षं असंच चाललं. आणि हे 2003 पर्यंतचं सांगतेय, आजोबांच्या काळातलं नव्हे.

मग पाणी यायचं कुठून? छपराची पन्हळ जमिनीतल्या टाकीत सोडायची आणि पावसाची वाट बघायची. टाकीने तळ गाठला की पैसे मोजून गाडीने पाणी आणवायचं, नाहीतर स्वतः जाऊन भरून आणायचं. तिथे पाच गॅलनचे कॅन चालतात. एक भरला की एकोणीस किलोच्या आसपास. काकूच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही हातांत एकेक भरलेला हंडा. त्यातच धुणं, भांडी, अंघोळी, लहान मुलं. पाहुणे आले तर आधी टाकीत डोकवायचं.

लोक गप्प बसले होते असं नाही. वर्षानुवर्षं विचारत होते, पण विचारणं तोंडी. ऑफिसात जायचं, कुणाला तरी भेटायचं, "बघू" ऐकून परत यायचं. पुढे कोर्टात समोरच्या बाजूने काय सांगितलं असेल? यातल्या बऱ्याच जणांनी पाणी मागितलंच नव्हतं! तुम्हाला हे नवीन नाही. तोंडी मागणीला आवक क्रमांक नसतो आणि आवक क्रमांक नसला की मागणी झालीच नाही. ऑफिस कुठल्याही देशातलं असो, कुणी उठून "नाही" म्हणत नाही. पाइप एका ठिकाणी येऊन थांबतो, इतकंच.

तुम्ही लगेच महाडचं नाव काढाल, म्हणून आधीच लिहिते. महाडला कागद लोकांच्या बाजूने होता. नगरपालिकेने 1924 मध्येच तळं खुलं करायचा ठराव केला होता, अडवणारी माणसं होती. तो ठराव खरा करायला 1927 साली बाबासाहेबांना तळ्यावर जावं लागलं. कोल रनमध्ये पाण्यापाशी कुणी आडवं उभं नव्हतं आणि मनाईचा कागदही नव्हता. भांडायचं तरी कुणाशी?

2002 मध्ये रहिवाशांनी ओहायोच्या नागरी हक्क आयोगाकडे रीतसर तक्रार केली. आयोगाला तिच्यात तथ्य दिसलं. आणि गंमत बघा, पन्नास वर्षं जे जमत नव्हतं ते तक्रारीनंतर दोनेक वर्षांत जमलं. नळ आले. लोक मात्र नुसत्या तक्रारीवर थांबले नाहीत. शहर, काउंटी आणि तिथलं पाणी प्राधिकरण, तिघांवर त्यांनी फेडरल कोर्टात दावा लावला. नळ आल्यावरही मागच्या वर्षांचा हिशेब सोडला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडे टँकर आला की आपण तक्रार गुंडाळून ठेवतो.

पण कोर्टाची वाट सोपी नव्हती. मिसिसिपी राज्यातल्या शॉ नावाच्या अडीच हजार वस्तीच्या गावात अँड्र्यू हॉकिन्स आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी असाच दावा लावला होता. अपील कोर्टाने 1971 मध्ये नुसते आकडे बघितले. कच्च्या रस्त्यांवरची जवळजवळ 98 टक्के घरं कृष्णवर्णीयांची. गटाराची सोय नसलेल्या घरांपैकी 97 टक्के त्यांच्याच वस्तीत. नवे झगझगीत पाऱ्याचे दिवे झाडून सगळे गोऱ्यांच्या रस्त्यांवर. गावाने रहदारीची वगैरे कारणं सांगितली, कोर्टाला ती पटली नाहीत. लोक जिंकले. पुढे 1976 मध्ये वॉशिंग्टनच्या पोलीसभरतीच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की परिणाम विषम दिसतो एवढ्यावर भागणार नाही, हेतूही दाखवा. त्याच निकालाच्या तळटीपेत शॉच्या निकालाचं नाव घालून तो विचार आपल्याला मान्य नसल्याचं नोंदवलं. तळटीपेत! एका गावाच्या गटारांचा निकाल तिथे गेला.

हेतू कसा दाखवणार, काका? कुठला इंजिनिअर फायलीवर लिहून ठेवतो? इथेच तुमचं खातं आठवलं. कोल रनच्या बाजूने नॉर्थ कॅरोलायनातल्या एका छोट्या संस्थेने नकाशा केला. पाण्याची बिलं कुठल्या घरांना जातात आणि कुठल्या घरांत कोण राहतं, या दोन गोष्टी एकावर एक ठेवल्या, बस. "काउंटीत इतरही अनेकांना सार्वजनिक पाणी नाही," हा बचाव कागदावर बरा वाटतो, पण नकाशात शेजारशेजारची घरं दिसतात. बिल मागणारं ऑफिस चोख नोंद ठेवतं. तीच नोंद त्यांच्यावर उलटली.

जुलै 2008 मध्ये ज्यूरीने 67 रहिवाशांना मिळून सुमारे 1 कोटी 9 लाख डॉलर भरपाई दिली. सगळ्यांना सारखी नाही. जो जितकी वर्षं तिथे पाण्याविना राहिला त्या मानाने. भेद वर्णामुळे झाला, हे ज्यूरीने मान्य केलं. समोरच्यांनी शेवटपर्यंत ते नाकारलंच.

तुम्ही वाडीच्या लोकांना अर्ज लिहून देता, असं काकू सांगत होती. मग एक विचारायचं आहे: आपल्याकडे पाणीपट्टीची घरवार यादी माहितीच्या अधिकारात मिळते का? मिळत असेल तर गावठाण आणि वाडी मिळून एकदा मागवून बघा. यादी आली की फोटो काढून पाठवा, नकाशावर घरं मी इथून बसवून देते. घरांचे नंबर तेवढे स्पष्ट दिसतील असे घ्या, मागच्या वेळी सातबाऱ्याचे फोटो अंधारात काढले होतेत.

काकूला नमस्कार.

तुमची पुतणी