गृहपाल सरांची खिडकी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला, तेव्हा आम्हां तिघांनाही प्रथम आठवली ती वसतिगृहाच्या कार्यालयाची लहानशी खिडकी. दर शनिवारी दुपारी तिच्यापुढे रांग लागे. घरून आलेली हातखर्ची गृहपाल सरांकडे जमा असायची. आपण नाव सांगायचे, किती हवे ते सांगायचे. सर वही उघडून पाहत आणि मग एकतर वीस रुपये हातावर पडत, नाहीतर 'पुढच्या शनिवारी' एवढेच उत्तर मिळे. वही कधी खिडकीबाहेर आली नाही. आत हात घालून ती ओढण्याचा प्रयत्न एकाने केला होता. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तो या लेखाचा सहलेखक आहे.

पुढे पनवेलमध्येच बारावीला संगणकशास्त्र घेतले. त्यात सी प्लस प्लस होते आणि 'एन्कॅप्स्युलेशन म्हणजे काय?' हा हमखास येणारा प्रश्न होता. माहिती आणि तिच्यावर काम करणारी फंक्शन्स एकत्र बांधणे, हे उत्तर आम्ही पाठ केले आणि गुणही मिळवले. मराठीत याला संपुटीकरण म्हणतात. संपुट म्हटले की १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेले, एकात एक ठेवलेले करंडक डोळ्यांपुढे येतात. पण करंडक नुसते झाकून ठेवतो. तो कोणाला उत्तर देत नाही, वीस रुपयेही देत नाही. आमची व्याख्याही तशीच होती, झाकण तेवढे असलेली आणि खिडकी नसलेली.

नोकऱ्या लागल्यावर ऐरोली-घणसोलीच्या कचेऱ्यांतून रविवारी लोकल पकडून आम्ही शाळेत येऊ लागलो. सरांची वही संगणकावर आणून द्यायची, असे ठरले होते. 'विद्यार्थी' नावाचा क्लास लिहिला आणि वहीतले सगळे रकाने त्यात इमानेइतबारे उतरवले. सी प्लस प्लसमध्ये क्लासमधील माहिती, वेगळे काही लिहिले नाही तर, खासगीच असते. त्यामुळे बाहेरचे फंक्शन ती वाचू लागले की कंपायलर अडवतो. वर 'पब्लिक' हा एक शब्द लिहिला की सगळ्या तक्रारी एकदम थांबतात. आम्ही तो लिहिला, आणि काम झाले म्हणून चहा प्यायला गेलो.

पहिला घोटाळा विनोदी होता. वह्या, केशकर्तन आणि गावी जाण्याचे भाडे अशा तीन ठिकाणी शिल्लक वजा होत असे. त्यांपैकी एका ठिकाणी पैसे पुरेसे आहेत का, हे पाहायचे आम्ही विसरलो. एका मुलाची शिल्लक उणे चाळीस रुपये दिसू लागली. सरांच्या वहीत असे कधी घडले नव्हते, कारण तेथे वजाबाकी करणारा हात एकच होता.

दुसऱ्या घोटाळ्यावर मात्र आजही हसू येत नाही. भोजनगृहाच्या भिंतीवर जेवणाऱ्यांची यादी लावायची होती. यादीच्या फंक्शनला विद्यार्थ्याची सगळी माहिती उघडी होती, आणि आम्ही ती सगळी छापली. काही नावांपुढे 'शुल्क : माफ' असे उमटले. सायंकाळी यादी उतरवली. तोवर ती सर्वांनी वाचली होती. आठवीतला एक मुलगा त्या रात्री जेवायला आला नाही, सकाळीही नाही. स्वयंपाकाच्या मावशींनी आम्हांला हे सांगितले तेव्हा त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या. सर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "ते पान मी इतकी वर्षे टाचणी लावून ठेवले होते."

मग आम्ही सारे पुन्हा लिहावयास घेतले. शिल्लक खासगी केली. ती बदलण्याचा मार्ग 'खर्ची दे' हे एकच फंक्शन, आणि पैसे पुरतात की नाही हे तेच पाहणार. येथे एक मोह होतो. प्रत्येक खासगी गोष्ट वाचण्यासाठी एक आणि बदलण्यासाठी एक अशी फंक्शन्स लिहून टाकायची. हे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावरच टांगणे. भोजनगृहाला शुल्काशी काय कर्तव्य? त्याने विचारावे, 'हा आज जेवणार आहे का?' उत्तर हो किंवा नाही.

१९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी एका निबंधात मांडले, की प्रोग्रामचे भाग पाडताना जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एका भागाच्या पोटात लपवावा. आम्ही शिल्लक रुपयांऐवजी पैशांत ठेवू लागलो तेव्हा याचा प्रत्यय आला. बदल त्या एका क्लासच्या आत झाला, बाहेर कोणाला पत्ताही लागला नाही. क्लासची कल्पना ज्या सिम्युला ६७ भाषेत आली, तिच्यात आतले लपवण्याची सोय प्रारंभी नव्हती, ती मागाहून जोडली गेली. ओस्लोच्या डाल आणि नीगार्ड या दोघांच्या भाषेलाही ती मागाहूनच सुचली, हे वाचून आमचा संकोच थोडा कमी झाला.

नवा प्रोग्राम दाखवला तेव्हा सरांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले. मग विचारले, "हा शुल्काचा रकाना खासगी. पण तुम्ही उघडू शकता ना?" खोटे बोलणे शक्य नव्हते. 'प्रायव्हेट' हा शब्द दुसऱ्या फंक्शनला अडवतो. क्लास लिहिणाऱ्याला किंवा फाइल हाती लागलेल्या माणसाला नाही. "मग तो वहीतच राहू दे," सर म्हणाले. आम्ही तो रकाना काढून टाकला. खरे सांगायचे तर, तेव्हा आम्हांला थोडा अपमानही वाटला.

परतताना पनवेल स्थानकावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. आमच्या वर्षाचीही एक वही सरांच्या कपाटात आहे, आणि तिच्यातही टाचणी लावलेले एक पान असणार. त्या पानावर आमच्यापैकी एकाचे नाव आहे, दोघांचे की तिघांचे, हे आम्ही एकमेकांना अजून विचारलेले नाही.