फ्रिजच्या पाठीमागची हवा

पोर्ट ऑगस्टा, जानेवारी. पारा चाळिशीपार. दुपार झाली की कॅरॅव्हॅनमधला फ्रिज मलूल होतो आणि दूध नासतं. हा गॅसवर चालणारा फ्रिज: कॉम्प्रेसर नाही, हलणारा एकही भाग नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्या मेळातून तो चक्क आचेवर गारवा करतो. स्टॉकहोमच्या फॉन प्लॅटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये काढलेली ही युक्ती मला आजही थक्क करते!

पण आतली उष्णता मागच्या पत्र्यांवरून बाहेर पडायला हवी. खालच्या जाळीतून हवा आत, वरच्या जाळीतून बाहेर, धुराड्यासारखी. आमच्या फ्रिजमागची पोकळी इतकी ऐसपैस, की हवा पत्र्यांना न शिवताच वर निघून जायची. आज ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून ती वाट अरुंद केली. वरच्या जाळीमागे १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे बसवले. खाली बर्नरजवळ पंखा नकोच, ज्योत विझते. खालच्या जाळीत लाल धूळ नि कोळिष्टकं गच्च बसली होती, ती ब्रशने झाडली.

रात्री आतलं तापमान ५ अंशांवर आलं. जीव भांड्यात पडला. उद्यापासून गाडी लावताना जाळ्यांची बाजू पूर्वेला, म्हणजे दुपारचं ऊन त्यांच्यावर येणार नाही.