आधी अध्याय, मग जेवण

आमच्या पिढीतल्या नगरकडच्या ख्रिस्ती माणसाला भूक आणि पवित्र शास्त्र या दोन गोष्टी एकत्रच आठवतात. घरोघर नियम एकच होता: आधी अध्याय, मग जेवण. दिवेलागणीला कंदिलाची काच पुसून व्हायची, चुलीवर कालवण रटरटत असायचे आणि आजोबा भिंतीला टेकून चष्म्याची दोरी कानाला गुंडाळत असायचे. शास्त्र कापडात बांधलेले असे. ते सोडायचे काम धाकट्याचे, उघडायचे काम आजोबांचे, आणि हात धुतल्याशिवाय त्याला शिवायचे काम कोणाचेच नाही. एक भजन, एक अध्याय, एक प्रार्थना. प्रार्थनेत नातेवाईक, शेजारी, पाळकसाहेब, सरकार आणि पाऊस एवढे सगळे येऊन जायचे. मुले डोळे मिटून बसायची खरी, पण नाक भाकरीकडे असायचे.

आता भाकरी वेळेवर येते आणि अध्याय उद्यावर जातो. शास्त्र मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी जवळ आले आहे. ते फोनमध्ये आहे, मराठीत आहे, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि डोळे थकले तर वाचून दाखवणारा आवाजही आहे. सकाळी मंडळीच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलावर छापलेले वचन येते. आम्ही त्याखाली जोडलेले हात टाकतो आणि विजेच्या बिलाकडे वळतो. पूर्वी घरात शास्त्र एक होते आणि ऐकणारे दहा होते. आता घरात जेवढे फोन तेवढी शास्त्रे आहेत आणि ऐकणारा कोणी नाही.

एवढे वाचून कोणी आमच्या बालपणाला नंदनवन समजू नये. आमच्या कितीतरी घरांत त्या वाचनाला छडीचा धाक होता. डुलकी लागली की टपली बसायची. ‘काल कुठवर आलो होतो?’ या प्रश्नाला उत्तर देता आले नाही की कान पिळला जायचा. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली पहिली तीन वचने आम्हाला तोंडपाठ होती, कारण त्यांत मुलांनी आईबापांचे ऐकावे असे सांगितले आहे. लगेच पुढच्या चौथ्या वचनात बापांनाही एक तंबी आहे. ती तिथे आहे हे आम्हाला स्वतः बाप झाल्यावर कळले. आमच्या वडिलांनी ते वचन वगळले नव्हते, फक्त ते वाचताना त्यांचा वेग वाढत असे. प्रश्न विचारायची सोय नव्हती. काइनाला बायको कुठून मिळाली, असे एखाद्याने विचारले तर त्याला उत्तराऐवजी रॉकेल आणायला पाठवले जाई.

आज मुले विचारतात, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाहीत. इफ्ताहाने नवस केला आणि जीव मुलीचा का गेला, असे शास्त्यांचा अकरावा अध्याय वाचून नात विचारते. आम्हाला उत्तर येत नाही, आणि येत नाही असे आम्ही कबूल करतो. आजोबांच्या काळात हा प्रश्नही झाला नसता आणि ही कबुलीही झाली नसती. ज्या थोड्या घरांत अजून वाचन चालते तिथे ते आजच्या काळात अधिक प्रामाणिक झाले आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

दुसरी गोष्टही मान्य केली पाहिजे. तेव्हा वाचणारे पुरुष होते आणि ऐकणाऱ्या बायका. आजी चुलीपाशी बसून, कालवणात डाव फिरवत, अर्धा कान बाहेर ठेवून ऐकायची. तिला वाचता येत होते, पण तिला कोणी वाचायला सांगत नव्हते. यातली गंमत अशी की मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास वाचणाऱ्या बायकांनी भरलेला आहे. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर अक्षरे गिरवायला लागल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून गेल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सगळे बायबल मराठीत आणले. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना समजावे एवढ्यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे त्यात घातली. १९२२ साली त्या गेल्या, आणि त्यांचे पूर्ण बायबल त्यानंतर बाहेर आले. त्याच्या छपाईचे कामही मुक्तीतल्या बायकांनीच केले. बायकांनी बायकांसाठी एवढे केले, आणि आमच्या घरात शास्त्र उघडायचा मान आजोबांचा! आता कधी वाचन झालेच तर सून वाचते, नात वाचते, आजोबा झालेले आम्ही ऐकतो. हा बदल कोणाला परत फिरवावासा वाटत असेल तर आम्ही त्याच्या बाजूला नाही.

तरी काही गोष्टी गेल्या त्या गेल्याच. शास्त्राची पहिली कोरी पाने ही आमच्या घरांची दप्तरे होती. जन्म, बाप्तिस्मे, लग्ने, ख्रिस्तवासी झालेल्यांच्या तारखा, हे सगळे तिथे बोरूपासून बॉलपेनपर्यंतच्या अक्षरांत लिहिलेले असायचे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख तिथूनच सांगितली जाई. पानांच्या मधे काय नसायचे? झावळ्यांच्या रविवारचा वाळलेला क्रूस, पोस्टाची पावती, एखादी कोरी करकरीत नोट, कोणाच्या तरी लग्नाचे गुलाबी कार्ड. आजोबांनी निळ्या पेन्सिलीने ओढलेल्या रेघांवरून त्यांना कुठल्या वर्षी काय सलत होते हे कळायचे. ईयोबाच्या पुस्तकात रेघा दाट होत्या. का, ते आम्ही विचारले नाही.

फोनवरही रेघ ओढता येते, पिवळी, हिरवी, गुलाबी, हवी ती. पण ती आमच्या खात्यात राहते. आम्ही गेल्यावर तो पासवर्ड कोणाला माहीत असणार? जन्मतारीख आधार कार्डावर आहे, लग्नाची तारीख फेसबुक सांगते, आणि मयताची बातमी स्टेटसवर चोवीस तास टिकते. नोंदी वाढल्या. फक्त त्या एका जागी नाहीत, आणि कोणाच्या हस्ताक्षरात नाहीत.

पाठांतराचेही तसेच. शब्बाथ शाळेत दर रविवारी सुवर्णवचन म्हणून दाखवावे लागे. ज्याचे पाठ झालेले नसे तो योहानाच्या अकराव्या अध्यायातले पस्तिसावे वचन ठोकून द्यायचा, कारण ते दोनच शब्दांचे आहे. एका रविवारी एकाच बाकावरच्या चौघांनी तेच म्हटले की बाईंचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. नबुखद्नेस्सर न अडखळता म्हणणाऱ्याला वर्गात मान होता, आणि शद्रख, मेशख, अबेद्नगो एका दमात म्हणणाऱ्याला त्याहून मोठा. ही पोपटपंचीच होती, अर्थ फार थोड्यांना कळत होता. आज अर्थ सांगणारी प्रवचने रात्रंदिवस मोबाइलवर उपलब्ध आहेत, आणि पाठ कोणाचे काही नाही. आजारपणात, रात्री दोन वाजता, झोप येत नसताना मात्र ते लहानपणचे न कळलेले पाठांतरच आपोआप ओठांवर येते. अर्थ तेव्हा कळतो.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट गेली ती क्रमाची. आमच्याकडे अध्याय निवडला जात नसे. काल जिथे थांबलो तिथून आज पुढे. बायबलची पुस्तके ६६ आणि अध्याय १,१८९. रोज एक धरला तर एका फेरीला सव्वातीन वर्षे लागतात. म्हणजे जो मुलगा सहाव्या वर्षी लेवीय ऐकताना झोपला, तो नऊ वर्षांचा झाल्यावर ऐकता ऐकता पुन्हा झोपायचा, आणि बारा-तेराव्या वर्षी थोडा जागा राहायचा. गणनेच्या सातव्या अध्यायाला ८९ वचने आहेत. बारा सरदार बारा दिवस तेच ते अर्पण आणतात आणि प्रत्येकाची यादी पुन्हा पहिल्यापासून सांगितली जाते. आजोबांनी त्यातली एकही यादी गाळली नाही. कालवण आळून जायचे. गीतरत्न सुरू झाले की आजीला नेमके विहिरीवर काम निघायचे आणि आजोबांचा आवाज एकदम सपाट व्हायचा, पण आठही अध्याय वाचून व्हायचे.

या आंधळ्या क्रमातून कधी कधी विलक्षण योग जुळून यायचे. १९७२च्या दुष्काळात आमच्या भागातले लोक खडी फोडायला जात होते, मुलांना सुकडी मिळत होती, आणि रेशनच्या मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरत नव्हती. अशा घरांत फिरत फिरत १ राजेचा सतरावा अध्याय आला तेव्हा तो कोणी निवडून काढलेला नव्हता. आटलेला ओढा, सारफथची विधवा, तिच्या मडक्यातले मूठभर पीठ. नेहमी वळवळणारी मुले त्या दिवशी हलली नाहीत. अर्थात त्याच दुष्काळात इतर दिवशी त्याच घरांत मेजवान्यांची वर्णनेही वाचली गेली असणार. ती कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. स्मरणाचा हा लबाडपणा आम्हाला ठाऊक आहे.

आता वचन आमच्या सोयीने येते. गुलाबाच्या फुलावर येणारे वचन नेहमी धीर देणारे, आशीर्वाद देणारे, वाट मोकळी करणारे असते. गणनेचा सातवा अध्याय फुलावर घालून कोणी पाठवत नाही. संदेष्ट्यांनी श्रीमंतांना सुनावलेले खडे बोल तर ग्रुपवर येतच नाहीत. ग्रुपचे अॅडमिन बहुधा बिल्डर असतात. पूर्वी शास्त्र जे पुढे आणेल ते आम्हाला ऐकावे लागे, आता आम्हाला जे ऐकायचे असते तेवढेच शास्त्र बोलते. आमच्या मते खरे नुकसान हे आहे. वेळ गेला, भक्ती गेली, पिढी बिघडली, या बाकीच्या तक्रारी आजोबाही त्यांच्या काळात करतच होते.

शिवाय पूर्वी सगळे ख्रिस्ती रोज बायबल वाचत होते, हेही खरे नाही. वसईच्या कॅथलिक मित्रांच्या घरी त्या वेळी जपमाळ चालायची. मिस्सा लॅटिनमध्ये होती, आणि बायबल ही फादरनी वाचायची गोष्ट होती. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. त्यानंतर मिस्सा मराठीत आली आणि साध्या माणसानेही शास्त्र वाचावे असा आग्रह सुरू झाला. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ते ख्रिस्ती नसलेल्या वाचकांच्या कपाटातही गेले. म्हणजे आमच्याकडे वाचन आटत होते तेव्हा त्यांच्याकडे झरा फुटत होता. तिथला म्हातारा आठवणी काढायला बसला तर त्याचे ‘तेव्हा आणि आता’ आमच्या उलट निघेल.

आणि आमचे आजोबा तरी रोज कसे वाचू शकत होते? त्यांची श्रद्धा मोठी होती हे खरे, पण संध्याकाळी दुसरे करण्यासारखे काही नव्हते हेही तितकेच खरे. वीज नव्हती, टीव्ही नव्हता, आणि घरात छापील पुस्तक बहुधा हे एकच, फार तर त्याच्या जोडीला ‘उपासना संगीत’ आणि ‘ज्ञानोदय’चे जुने अंक. त्यांनी रोजच्या वाचनाला अग्रक्रम द्यायचे कधी ठरवले नाही. त्यांच्या दिवसात ती जागा आयतीच रिकामी होती. आम्हाला ती जागा रोज भांडून मिळवावी लागते. म्हणून आज कोणी पंधरा मिनिटे काढून वाचत असेल तर त्याची निष्ठा आजोबांच्या निष्ठेपेक्षा कमी मानायचे कारण नाही. कदाचित जास्तच मानावी लागेल.

पण अशी माणसे थोडी, आणि त्यांत आम्ही नाही. आम्ही दर नव्या वर्षाला संकल्प करतो. रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात सगळे बायबल होते, हे गणित आम्हाला पाठ आहे. उत्पत्ती आणि निर्गम जोरात होतात. जानेवारी संपता संपता लेवीय लागते, होमार्पणे सुरू होतात, आणि अॅप कळवते की सलग वाचनाची साखळी तुटली आहे. साखळी तुटली म्हणून आम्ही वाचन सोडतो. आजोबांची साखळी कापणीच्या दिवसांत, पाहुण्यांच्या गर्दीत, तापात किती वेळा तुटली असेल! त्यांना ते कळवणारे कोणी नव्हते, म्हणून ते दुसऱ्या दिवशी कापड सोडून पुन्हा बसायचे.

तेव्हा जुने दिवस परत आणा असे आम्ही म्हणत नाही. छडी नको, टपली नको, आजीला चुलीपाशी बसवणे नको. त्यातले एवढेच घ्यावे: दिवसातली एक ठरलेली वेळ, एकच अध्याय, मोठ्याने, क्रमाने, कोणतेही वचन न गाळता. एका अध्यायाला बहुधा पाच मिनिटे लागतात. घरातल्या कोणीही वाचावे, कोणीही मधेच प्रश्न विचारावा. फोनवरून वाचलेत तरी हरकत नाही, मुलगा परगावी असेल तर त्याला व्हिडिओ कॉलवर घ्यावे. चार दिवस चुकले तर पाचव्या दिवशी तिथूनच पुढे जावे. आणि लेवीय आले म्हणून थांबू नये. त्याचे सत्तावीसच अध्याय आहेत.