लोंबती नाडी

जत्रेच्या तंबूत पडदा उजळायच्या आधी वास यायचा. डिझेलचा, तुडवलेल्या गवताचा, शेजारच्या पालात तळल्या जाणाऱ्या भज्यांचा, आणि दिवसभर उन्हात तापून आता हळूहळू निवत चाललेल्या ताडपत्रीचा. जनरेटर धडधडू लागला की मागून प्रकाशाचा एक झोत निघे, त्यात बिड्यांचा धूर आणि शेकडो पायांनी उठवलेली धूळ सोन्यासारखी तरंगे, आणि आम्ही पोरं त्या झोतात हात घालून पडद्यावर हरणं-कुत्री उमटवायचो, ती कुणीतरी शिवी हासडेपर्यंत. मधोमध दोरी बांधलेली. अलीकडे बाप्ये, पलीकडे बाया. मी अजून आजीच्या कडेचा, म्हणून पलीकडे.

मग तो यायचा. ढगळ अर्धी चड्डी, तिच्यातून खाली लोंबणारी नाडी, चेहऱ्यावर नुकतंच कुणीतरी गदागदा हलवून उठवल्यासारखा भाबडेपणा, आणि ते डोळे, ज्यांना जगातलं काहीच कळत नाही असं वाटावं आणि ज्यांच्यातून काहीच निसटत नाही अशी मागाहून खात्री पटावी. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ 1971 सालचा. आमच्या जत्रेत तो पोचला तेव्हा रीळ इतकं झिजलेलं होतं की प्रत्येक प्रसंगात पाऊस पडत असे. त्या पावसात दादांचा नाम्या तमाशाच्या नादी लागायचा, आईची बोलणी खायचा. तंबूत बसून आम्ही तमाशाला भुललेल्या माणसाला भुलायचो. त्यानं नुसती मान तिरकी केली तरी ताडपत्री हसायची.

आजीचं हसू मात्र ऐकू येत नसे. ते दिसायचं. लुगड्याचा पदर तोंडात कोंबलेला, दातांखाली घट्ट धरलेला, खांदे गदगदताहेत, डोळ्यांतून पाणी, आणि कुंकवाच्या रिकाम्या जागेखालचा गोंदणाचा हिरवा ठिपका सुरकुत्यांत बुडून चाललाय. तिशीच्या आत नवरा गेलेला, त्याच्या मागोमाग दोन लेकरं. उरलेलं आयुष्य तिनं दुसऱ्याच्या बांधावर वाकून काढलं. घरी तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“काय झालं गं आजी?”

“कळंल तवा हस. आता गप बघ.”

कळलं, पण आठ-नऊ वर्षं उशिरा. पुण्यातल्या वसतिगृहात, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या, त्या तंबूतल्या एका वाक्याचा दुसरा अर्थ बी फुटावं तसा आपोआप फुटला आणि मी अंधारात एकटाच हसलो. मग दचकलो. म्हणजे आजीला हे सगळं ठाऊक होतं! पहाटे उठून तुळशीला पाणी घालणाऱ्या आजीला! त्या दिवसांत मी चारचौघांत दादा कोंडके बघत नाही असं सांगायचो. ‘पांचट’ हा शब्द मी नुकताच शिकलो होतो आणि नवी चप्पल घालावी तसा तो वाजवत फिरत होतो.

आता वाटतं, पांचटपणा त्यांच्या वाक्यात फारसा नसेच. वाक्य साधं, एखाद्या भांड्याचं, गाईचं, दाराच्या कडीचं. ते म्हणून झालं की दादा थांबत. एवढंसं. भुवई किंचित वर, ओठ अर्धवट मिटलेले, जणू काही झालंच नाही. त्या थांबण्यात उरलेलं वाक्य आपण पुरं करायचो, मनातल्या मनात, आपल्याच जिभेनं. सेन्सॉरशी त्यांच्या झटापटी गाजल्या, पण कात्री चालवणार तरी कशावर? पाप तर प्रेक्षकांच्या मांडीवर खेळत होतं.

‘एकटा जीव’ हे त्यांचं आत्मकथन, अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेलं, माझ्या हाती आलं तेव्हा मी बराच वेळ मुखपृष्ठावरच अडकलो. 1972 साली त्यांचा चित्रपट आला होता, ‘एकटा जीव सदाशिव’. आमच्याकडे ही म्हण थोड्या हेव्यानंच म्हणतात. बायको ना वासरू, ना देणं ना घेणं, फिरतोय बघ कसा मोकळा. एवढ्या वर्षांत ती अर्धवट तोडून म्हटलेली मी ऐकली नव्हती. पुस्तकावर सदाशिव नव्हता. तो कुठल्या वळणावर गळून पडला कोण जाणे, नुसता एकटा जीव उरला होता.

द्व्यर्थी बोलणाऱ्या माणसानं आयुष्याचं नाव ठेवताना एकच अर्थ ठेवला.

नायगावच्या चाळीत वाढलेला कृष्णा कोंडके. गिरण्यांचे भोंगे, सार्वजनिक नळावरची भांडणं, बँडमधली वाजंत्री, अपना बाजारातली नोकरी, सेवादलाचं कलापथक. मग 1965 साली वसंत सबनीसांनी लिहिलेलं ‘विच्छा माझी पुरी करा’, आणि रंगमंचावर त्या दिवसाच्या बातमीला त्या रात्रीच चिमटा काढणारी जीभ. पण या सगळ्यात कुठेतरी एक काळोखाचा पट्टा आहे. थोड्याच काळात जवळची माणसं एकामागून एक गेली. वर्षभर हा माणूस कुणाशी धड बोलला नाही, धड जेवला नाही, आणि मग त्यानं ठरवलं की आता हसवायचं.

हसवणाऱ्याच्या आत एक रडणारा असतो, ही आपली लाडकी गोष्ट. मला तिचा कंटाळा आलाय. ती सांगून आपण विनोदाला जरा आंघोळ घालतो, शुचिर्भूत करून देवघरात बसवतो, आणि मग आपल्याला तो मोकळेपणानं आवडू शकतो. दादांना असल्या आंघोळीची गरज नव्हती, आजीलाही नव्हती. ती दुःख विसरायला तंबूत येत नसे. तिचं दुःख तिच्या शेजारी, त्याच पोत्यावर, पाय पोटाशी घेऊन बसलेलं असे, आणि पडद्यावरचा तो ढगळ चड्डीवाला बोलून थांबला की दोघंही हसत.

त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव गाठला, गिनीज बुकात नोंद झाली. पंचवीस आठवडे म्हणजे किती, हे मला आकड्यानं कळत नाही. मृगात पेरलेली बाजरी उगवते, निसवते, खळ्यावर येते, तिच्या भाकरी थापून होतात, थंडीच्या शेकोट्या पेटतात, आणि थिएटरवर फलक तोच. एवढी माणसं एका माणसाला बघत बसलेली. शेवटचा खेळ सुटतो, खुर्च्या खाडखाड मिटतात, दारवान कुलूप लावतो. तेव्हा तो माणूस कुठे असेल? संसार मोडलेला. घरी गेल्यावर दिव्याचं बटण आधी दाबत असेल, की काळोखातच थोडा वेळ बसत असेल? हे मी कल्पनेनं म्हणतोय. पण ती नाडी काही कल्पना नव्हे. ती मी पाहिली आहे. एका हिसक्यात सुटेल एवढीच बांधलेली, बाकी सगळी हवेत.

आजी गेली ती दुपारी. गावातले वैद्य उंबऱ्याशी चपला काढून आत आले, तिचं मनगट हातात घेतलं आणि डोळे मिटून बसले. घरात कुणी श्वास घेत नव्हतं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “नाडी सुटली.”

आणि मला तंबू आठवला. एकदम, अख्खाच्या अख्खा, धूर आणि भज्यांसकट. पोटातून काहीतरी उसळून वर आलं. आई समोर, माना खाली घातलेले चुलते, कोपऱ्यात हुंदके, आणि मी खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबून भिंतीकडे वळलो. खांदे हलत होते. मागून कुणीतरी पाठीवर हात ठेवला, म्हणालं, रडून घे. मी रडतही होतो. दोन्ही एकाच टॉवेलात.

दादा गेले 14 मार्च 1998 ला. शिमगा नुकताच झाला होता. आमच्या वेशीत होळीची राख पसरलेली, पोरांच्या बोंबा अजून कोरड्या घशात अडकलेल्या, वर्षातून एकदाच मोकळं बोलायची मुभा देणारे ते चार दिवस उलटून गेलेले. पारावर रेडिओभोवती म्हातारी माणसं बसली होती. एकजण काहीतरी बोलला, दादांचंच एखादं वाक्य असावं, आणि थांबला. एवढंसं. मग सगळे खाली बघत हसले.

आजीच्या लुगड्यांची आईनं गोधडी शिवली. धावदोरा जरा वाकडा गेलाय, ठिगळं मिळतील तशी लावलीत, हिरवं, तांबडं, इरकली काठाचं. रात्री पांघरताना कधी कधी बोटांना एका कोपऱ्यातली पदराची कड लागते. सगळं लुगडं अजून धड आहे. तेवढीच कड विरलेली, चावून चावून.